मॉडेल ३ ला लोअरिंग स्प्रिंग घरी बसवता येतील, पण आधी मागच्या टो-चं बघा

प्रश्न असा आहे: सॅन होजेला राहणाऱ्या एकांकडे २०२१ ची टेस्ला मॉडेल ३ आहे. लाँग रेंज, चारही चाकांना ड्राइव्ह, १८ इंची चाकं. गाडी ३० मिमी खाली घ्यायची आहे. लोअरिंग स्प्रिंग स्वतःच्या गॅरेजमध्ये बसवता येतील का, टायर आतल्या बाजूने खातात हे खरं का, आणि खालच्या बॅटरीला धोका किती?

थोडक्यात सांगायचं तर: बसवता येतील. दोन माणसं आणि अख्खा दिवस धरा. टायर खातात हेही खरं, पण दोष स्प्रिंगचा नसतो, मागच्या चाकांची दिशा, म्हणजे टो, पुन्हा नीट न लावल्याचा असतो. बॅटरीला धोका आहे, तो मोजता येतो, आणि ३० मिमीच्या पुढे जाऊ नका असं मी म्हणतो ते त्या मोजमापामुळेच.

आधी स्प्रिंग घ्यायचे की कॉइलओव्हर (शॉक आणि स्प्रिंग दोन्हींचा, उंची लावता येणारा संच) हे ठरवा. नुसते स्प्रिंग घेतले तर शॉक कंपनीचेच राहतात. गाडी खाली आली की शॉकचा दांडा आत दाबलेल्या अवस्थेत काम करतो, म्हणजे खड्ड्यात चाक वर जायला मूळच्यापेक्षा ३० मिमी कमी जागा उरते. ती कसर भरून काढायला लोअरिंग स्प्रिंग मूळपेक्षा कडक बनवतात. समजा स्प्रिंग २० टक्के कडक आहे, तर गाडीची वरखाली होण्याची गती साधारण साडेनऊ टक्क्यांनी वाढते आणि त्याच शॉकचं डॅम्पिंग (हेलकावे दाबण्याची ताकद) त्या मानाने नऊ टक्क्यांच्या आसपास कमी पडतं. एवढं कंपनीचा शॉक निभावून नेतो. त्याहून कडक स्प्रिंग घातला किंवा शॉक आधीच ८०-९० हजार किलोमीटर चाललेला असला, तर हायवेच्या जोडांवर गाडी उड्या मारत राहते. अशा वेळी स्प्रिंगवर पैसे घालवण्यापेक्षा थेट कॉइलओव्हर घ्यावा. रस्त्यावर रोजची गाडी, शॉक चांगले आणि २० ते ३० मिमीच खाली घ्यायची असेल, तर स्प्रिंग पुरे.

ऑर्डर करताना फक्त मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या गाडीचा सेट आणि चारही चाकांना ड्राइव्ह असलेल्या गाडीचा सेट वेगळा असतो हे विसरू नका. तुमच्या गाडीत पुढेही मोटर आहे, पुढच्या चाकांवर वजन जास्त आहे. चुकीचा सेट बसतो, पण पुढची बाजू ठरल्यापेक्षा जास्त खाली बसते. बंप स्टॉप (शॉकची जागा संपते तिथे धक्का झेलणारं रबर) कापा असं स्प्रिंगसोबतच्या कागदावर लिहिलं असेल तेवढंच कापा. लिहिलेलं नसेल तर हात लावू नका.

आता बॅटरीचं. मॉडेल ३ ची जमिनीपासूनची उंची कंपनीच्या आकड्याप्रमाणे साधारण १४० मिमी. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २,८७५ मिमी, आणि त्यांच्या मधला बहुतेक सगळा तळ म्हणजे बॅटरी. पेट्रोल गाडीचा तळ घासला तर सायलेन्सर वाजतो. इथे बॅटरीचं आवरण घासतं. अमेरिकेतल्या वसाहतींमधले गतिरोधक साधारण १२ फूट लांब आणि ३ ते ४ इंच उंच असतात. भारतात इंडियन रोड्स काँग्रेसचा गोल गतिरोधकही जवळपास तोच: ३.७ मीटर लांब, १० सेंटीमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा. मॉडेल ३ अशा गतिरोधकाच्या बरोबर मध्यावर आली की दोन्ही अ‍ॅक्सल त्याच्या उतारांवर असतात आणि त्याचा माथा तळाच्या दिशेने सुमारे ६१ मिमी वर येतो. १४० मधून ६१ गेले, उरले ७९. ३० मिमी खाली घेतलेल्या गाडीत उरतात ४९. चार माणसं आणि सामान यांनी गाडी आणखी २०-२५ मिमी बसली, की उरतं बोटभर. तेही गतिरोधक नियमाप्रमाणे बांधला असेल आणि तुम्ही हळू जात असाल तर. ४५-५० मिमी खाली घेतलेल्या गाड्या फोटोत देखण्या दिसतात खऱ्या, पण हे गणित त्यांना माफ करत नाही.

कायद्याचं पटकन. कॅलिफोर्नियाच्या व्हेइकल कोडचं कलम २४००८ सांगतं की बदल केलेल्या गाडीचा चाकांखेरीज कुठलाही भाग रिमच्या सर्वांत खालच्या कडेपेक्षा जमिनीजवळ येता कामा नये. २३५/४५ आर १८ टायरची बाजूची भिंत १०६ मिमी. रिमची कड टायरच्या भिंतीवर थोडी येते आणि वजनाने टायर दबतो, म्हणून ती कड जमिनीपासून ९० मिमीच्या आतच असते. तुमचा तळ ११० ला राहील, म्हणजे अडचण नाही. वॉरंटीबाबत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. गाडीत बदल केला एवढ्यावरून कंपनी सगळीच वॉरंटी झटकू शकत नाही, पण बिघाड त्या बदलामुळेच झाला असेल तर त्या भागापुरती मिळणार नाही. विमा कंपनीला मात्र आधी कळवा. गाडी लीजवर असेल तर मूळ स्प्रिंग, रबर आणि बोल्ट नीट बांधून ठेवा.

काम सुरू करण्याआधी मोजा. सपाट जागी, टायरमध्ये बरोबर हवा भरून, चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायरची झीज आणि हवा मिसळते. हा कागद पुढे दोनदा लागणार आहे.

टेस्लाचं सर्व्हिस मॅन्युअल ऑनलाइन फुकट वाचता येतं. प्रत्येक बोल्टचा टॉर्क, कुठला बोल्ट नवाच घालायचा, कुठला ठरावीक टॉर्कनंतर आणखी काही अंशांत फिरवायचा, हे तुमच्या गाडीच्या वर्षाप्रमाणे तिथूनच घ्या. एकदा काढला की पुन्हा वापरू नये असे नट-बोल्ट सस्पेन्शनमध्ये बरेच असतात, ते आदल्या आठवड्यात मागवून ठेवा. पाठ करायचा एकच आकडा म्हणजे चाकांच्या नटांचा: १७५ न्यूटन-मीटर, २१ मिमी सॉकेट.

गाडी उचलायला बॅटरीच्या कडेला चार ठरलेल्या जागा आहेत, त्यांना भोक असतं. त्यात बसणारे रबरी पक घ्या. जॅकचं तोंड बॅटरीच्या पत्र्याला कधीही लावू नका. घरच्या कामात खरी अडचण अशी की ज्या जागी जॅक लावायचा, स्टँडही तिथेच हवा. जॅक आणि स्टँड एकाच जागी घेता येईल असे जोडपक मिळतात, ते घ्या. नाहीतर तासावर लिफ्ट भाड्याने देणारं गॅरेज शोधा, ते जास्त बरं. १,८०० किलोंच्या वरची गाडी आहे, हलक्या स्टँडवर ठेवून तिच्याखाली शिरू नका. मॉडेल ३ ला हवेचं सस्पेन्शन नाही, त्यामुळे जॅक मोडची भानगड नाही. सेंट्री मोड (उभ्या गाडीवर पाळत ठेवणारी सोय) आणि गाडी तिरकी झाल्यावर वाजणारा अलार्म मात्र बंद करा, नाहीतर पहिल्या जॅकलाच शेजारी बाहेर येतील. नारिंगी, म्हणजे उच्च दाबाच्या विजेच्या, केबलना या कामात हात लावावा लागत नाही. त्या कुठून जातात ते बघून घ्या आणि पाना तिकडे फिरवू नका.

पुढून सुरुवात करा, आणि दोन्ही बाजू एकदम उचला. एकच बाजू उचलली तर अँटी-रोल बारला (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला) पीळ बसतो आणि त्याची लिंक काढताना पाना हातातून सुटतो. चाक काढलं की आधी ब्रेकचा होज आणि चाकाच्या वेगाच्या सेन्सरची तार क्लिपांमधून मोकळी करा. मग अँटी-रोल बारची लिंक. त्यानंतर वरच्या आर्मचा बॉल जॉइंट नकलमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या भागात) धरणारा पिंच बोल्ट. नकल अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट स्टीलचा. जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तिथल्या गाड्यांमध्ये हा बोल्ट आत चिकटून बसतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, आधी किंचित घट्ट करा आणि मग सोडवा. नकलची फट छिन्नी घालून फाकवू नका, अ‍ॅल्युमिनियम चिरतं आणि मग नकल बदलणं आलं. बॉल जॉइंट निघाल्या क्षणी नकल बाहेर लोंबकळतं. ते तारेने किंवा पट्ट्याने वर बांधून ठेवा. तुमच्या गाडीला पुढेही ड्राइव्ह शाफ्ट आहे. नकल जास्त बाहेर ओढलं गेलं तर शाफ्टचा आतला सांधा (सीव्ही जॉइंट) सुटतो, आणि मग स्प्रिंगच्या कामाचं ड्राइव्ह शाफ्टचं काम होतं.

शॉकचा खालचा बोल्ट काढा. वरचे नट पुढच्या डिक्कीभोवतीचं प्लॅस्टिक काढल्यावर दिसतात. शेवटचा नट काढताना खालून दुसऱ्या माणसाने शॉक धरलेला असू द्या. वरचा बॉल जॉइंट हाताशी आलाच आहे, तर त्याचं रबर तपासा. फाटलेलं असेल किंवा वळताना कुरकुर येत असेल, तर नवा आर्म आत्ताच घाला, पुन्हा हे सगळं उघडण्यापेक्षा स्वस्त पडतं.

स्प्रिंग सुटा करणं हा या कामातला एकमेव खरोखर धोक्याचा भाग आहे. भाड्याने मिळणारे दोन हुकांचे कॉम्प्रेसर चालतात, पण ते समोरासमोर लावा, एकेक फेरा आलटून पालटून द्या, आणि इम्पॅक्ट गन लावू नका. भिंतीवरचा कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्ये दोन शॉक नेऊन दिले तरी तास-दीड तासाचं काम, त्याला पैसे द्यायला कमीपणा मानू नका. दाबण्याआधी टॉप माउंट, स्प्रिंगचं टोक आणि शॉकचा खालचा डोळा यांच्यावर एका रेषेत रंगाची खूण करा. स्प्रिंग हाताने हलायला लागला, म्हणजे वरच्या माउंटवरचा ताण गेला, की मगच मधला नट सोडवायचा. त्या नटावर गन चालवली तर आतला दांडा गरगर फिरतो आणि सीलची वाट लागते. दांडा अ‍ॅलन कीने धरा आणि आरपार सॉकेटने नट काढा. धुळीचं रबर आणि बंप स्टॉप त्याच क्रमाने नव्या स्प्रिंगमध्ये घाला. स्प्रिंगचं टोक खालच्या ताटलीतल्या खाचेला टेकलंच पाहिजे. बोटभर फिरलेलं राहिलं तर पहिल्याच गतिरोधकावर ते "टण्ण" करून जागेवर बसतं, आणि लोक आठवडाभर तो आवाज शोधत बसतात.

मागचं काम त्यामानाने सोपं. मागे स्प्रिंग आणि शॉक वेगळे आहेत, कॉम्प्रेसर लागत नाही. खालच्या आर्मचं प्लॅस्टिकचं आवरण काढा, आर्मखाली जॅक लावून थोडा आधार द्या, लिंक आणि शॉकचा खालचा बोल्ट काढा, आर्मचा चाकाकडचा बोल्ट काढा आणि जॅक सावकाश खाली घ्या. स्प्रिंग मोकळा होतो. ब्रेकचा होज आणि पार्किंग ब्रेकच्या मोटरची तार ताणली जात नाही ना, यावर दुसऱ्याची नजर हवी. वर-खालची रबरं जुन्या स्प्रिंगवरून काढून नव्यावर घाला. ती राहिली तर लोखंडावर लोखंड वाजतं. मागचा स्प्रिंग चाकापासून आतल्या बाजूला आर्मवर बसतो. म्हणून तो १० मिमीने बुटका झाला तर चाकापाशी गाडी १० मिमीपेक्षा जास्त खाली येते. कॉइलओव्हरची मागची रिंग फिरवताना हे न कळल्याने मागची बाजू हमखास जास्त खाली जाते.

आता ज्या चुकीने बुश वर्षभरात जातात ती. आर्मच्या आतल्या टोकांना रबरी बुश असतात. बोल्ट आवळला की बुशाची आतली नळी त्या कोनात पक्की होते आणि पुढे चाक वरखाली होताना रबर पिळतं. गाडी हवेत, चाकं लोंबत असताना बोल्ट पूर्ण आवळले, तर गाडी खाली आल्यावर ते रबर कायम पिळलेलं राहतं. मग गाडी एक-दोन सेंटीमीटर वर उभी राहते, मालकाला वाटतं स्प्रिंग चुकीचे आले, कुरकुर सुरू होते आणि रबर फाटतं. म्हणून बुशांमधून जाणारे सगळे बोल्ट आधी हाताने बसवा. मग आर्मखाली जॅक लावून चाकाचा मध्य ते मडगार्ड हे अंतर तुमच्या कागदावरच्या आकड्यातून ३० मिमी वजा करून येईल तिथवर वर आणा, आणि त्या जागी टॉर्क रेंचने आवळा. तुम्ही नुसते स्प्रिंग बदलताय आणि एखाद्या आर्मचा आतला बोल्ट सोडवलाच नाही, तरी तो बुश जुन्या उंचीवर पक्का आहेच. तोही सोडवून नव्या उंचीवर पुन्हा आवळावा. हे फार थोडे लोक करतात.

टायर खाण्याबद्दल. गाडी खाली आली की आर्मचे कोन बदलतात, चाकाचा वरचा भाग आत झुकतो आणि चाकाची दिशाही थोडी फिरते. पहिला कॅम्बर, दुसरा टो. ३० मिमी खाली घेतल्यावर मागचा कॅम्बर बहुधा −२ अंशांच्या पुढे जातो. सगळे त्यालाच शिव्या देतात. खरा वैरी टो आहे. चाक ०.२ अंश वाकड्या दिशेला असेल तर दर किलोमीटरला ते साडेतीन मीटर आडवं घासत जातं, हजार किलोमीटरला साडेतीन किलोमीटर. त्यात इलेक्ट्रिक गाडीचं वजन, आणि सिग्नल सुटताच मागच्या मोटरचा मिळणारा पूर्ण जोर. कॅम्बरमुळे सगळा भार आतल्या कडेवर आलेला असतो, टो ती कड किसणीवर धरल्यासारखी घासत नेतो. वरून टायर नवा दिसतो, आत तारा बाहेर आलेल्या असतात.

मॉडेल ३ च्या मागे कंपनीकडून टो लावायची सोय आहे, कॅम्बरची नाही. म्हणून बजेट ठरवताना स्प्रिंगसोबत मागचे फिरवता येणारे कॅम्बर आर्मही धरा. २० मिमीपर्यंत त्यांच्याशिवाय चालून जातं. ३० मिमीला मी ते घालायलाच सांगतो. टो-चा मूळ बोल्ट कडेला जाऊन टेकला आणि आकडा अजून जमत नसेल, तर टो आर्मही लागतात. रोजच्या वापराला मागचा कॅम्बर −१.५ ते −१.८ अंश, मागचा एकूण टो ०.२ ते ०.३ अंश आत, आणि पुढचा शून्य ते ०.१ अंश आत ठेवा. दोन्ही बाजूंत फरक ०.१ अंशाच्या आत. अलाइनमेंटवाल्याला (मशीनवर चाकांचे हे कोन लावणाऱ्याला) नुसतं "हिरवं आलं" यावर सोडू नका, आधीचा आणि नंतरचा छापील कागद मागा. मशीनवरची हिरवी पट्टी मूळ उंचीच्या गाडीसाठी असते आणि बरीच रुंद असते.

अलाइनमेंट कधी करायची? नवे स्प्रिंग पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये काही मिलिमीटर बसतात, म्हणून थांबा असं सांगतात. थांबा, पण वाकड्या टो-वर नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी एकदा करून घ्या, आणि ५०० किलोमीटरनंतर चाकाचा मध्य ते मडगार्ड पुन्हा मोजा. ५ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर पुन्हा करा. त्याच वेळी सगळ्या बोल्टांवर टॉर्क रेंच फिरवा. आवळल्यावर प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर रंगाची रेघ मारून ठेवली असेल, तर सैल झालेला बोल्ट लांबूनच कळतो.

इलेक्ट्रॉनिक्सचं काम थोडं आहे पण टाळू नका. पुढची बाजू मागच्यापेक्षा १० मिमी जास्त खाली बसली तरी हेडलाइटचा झोत २५ फुटांवर सुमारे २६ मिमी खाली येतो; मागची जास्त बसली तर तेवढाच वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत. स्क्रीनवर सर्व्हिसमध्ये हेडलाइट लावायची सोय आहे, भिंतीसमोर उभं राहून ती वापरा. तिथेच कॅमेरा कॅलिब्रेशन पुसायचं बटण आहे. कॅमेऱ्यांची उंची आणि कोन दोन्ही बदलले आहेत, त्यामुळे ते पुसून लेनच्या ठळक रेषा असलेल्या रस्त्यावर चालवा. साधारण ३२ ते ४० किलोमीटरमध्ये गाडी पुन्हा शिकते, कधी जास्तही लागतात. तोवर ऑटोपायलट मिळणार नाही. अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी एका बाजूला ओढत असेल, तर कॅमेऱ्याला दोष देण्याआधी अलाइनमेंटवाल्याकडे परत जा.

पहिल्या आठवड्यात आवाज आलाच तर असा ओळखा. हळू वेगात, छोट्या खड्ड्यांवर "टक टक" म्हणजे बहुतेक अँटी-रोल बारच्या लिंकचा नट. ब्रेक लावताना एकच "ठक" म्हणजे आर्मचा बोल्ट. स्टिअरिंग पूर्ण वळवताना कुरकुर आली तर वरच्या आर्मचा बॉल जॉइंट बघा. मोठ्या गतिरोधकावर दाणकन आवाज आणि त्यानंतर शांतता, हा बंप स्टॉप. तो दोष नाही, जागा संपली एवढंच तो सांगतो. तिथे वेग कमी करा.

हेच काम पुण्या-मुंबईत करावं का, असं इकडूनही विचारतात. टेस्लाने जुलै २०२५ मध्ये मुंबईत मॉडेल वाय विकायला काढली, तिची जमिनीपासूनची उंची १६७ मिमी आहे. ती ३० मिमी खाली घेतली तर मॉडेल ३ च्या मूळ उंचीला येते, म्हणजे वरच्या गणितात कागदावर बसते. पण भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. शिवाय आपल्याकडचे निम्मे गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचे नसतातच. सोसायटीच्या गेटवर सिमेंटचा एक उंचवटा ओतून ठेवलेला असतो, हातभर रुंद आणि वीतभर उंच. त्यावर मूळ उंचीची गाडीही तिरकी घालावी लागते.